सहीचं वाक्य

“तू लिफ्ट बंद केलीस? माका न विचारता?”

“विचारायलाच फोन केला होता, काका. तीन वेळा.”

“रविवारी सकाळी मी देवळात असतो, ठाऊक नाही तुला? नऊ वर्षं काढलीस माझ्याबरोबर!”

“मला ठाऊक आहे. ब्रेकला ठाऊक नव्हतं.”

“ए, डायलॉग मारू नको हां. आज सकाळी सात वाजता त्या सेक्रेटरीचा फोन. म्हणतो, सहदेवराव, तुमची मॅडम आली आणि आमच्या पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना दिवसभर घरात कोंडून गेली. मी म्हटलं, मॅडम कसली, आमची चेतना ती! माझ्याच हाताखाली तयार झालेली. तर म्हणतो, मग तुम्हाला न सांगता कशी आली? काय उत्तर देऊ मी? सांग ना!”

“काका, आधी बसा.”

“नाय बसत.”

सहदेव राऊळ उभेच राहिले. उजव्या पायावर भार न देता, टेबलाच्या कडेला तळहात टेकवून. अंधेरीच्या एमआयडीसीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीचं ऑफिस होतं. सोमवारचे अकरा वाजले होते, आणि दोघांच्या मधे टेबलावर एक गुलाबी कार्ड पडलं होतं. ‘शारदा छाया, मुलुंड पूर्व. जून महिन्याची तपासणी.’ खाली सहीसाठी तीन रेघा. पहिल्या रेघेवर मेकॅनिकची सही, म्हणजे सहदेवकाकांची. दुसरीवर सोसायटीच्या सेक्रेटरीची. तिसरी रेघ सुपरवायझरची, म्हणजे चेतना इंगळेची. ती कोरी होती.

सहा महिन्यांच्या सगळ्या कार्डांची फाईल पाच वाजता मुख्य ऑफिसला जायची होती. मॅनेजर नंदकिशोर सर सकाळपासून दोनदा डोकावून गेले होते. “एक कार्ड राहिलंय म्हणे? चेतना, ऑक्टोबरपासून अख्खा एरिया तुझ्याकडे द्यायचं मी वर बोललोय. फाईल झकास जाऊ दे. कुठं डाग नको.”

“त्यात काय एवढं बघतेस?” सहदेवकाका म्हणाले. “कर सही. दर महिन्याला करतेस तशी.”

“तेच तर बघतेय, काका. दर महिन्याला कशी केली ते.”

नऊ वर्षांपूर्वी चेतना इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन इथं लागली, तेव्हा तिला कोणी साइटवर न्यायला तयार नव्हतं. “मुलगी आहे, ऑफिसात बसवा, फोन घेईल,” असं सगळ्यांचं एकमत. भांडुपच्या दोन खोल्यांत वाढलेली, बुलढाण्याकडून आलेल्या गिरणी कामगाराची ही पोर. फोन घेण्यासाठी शिकले नाही, एवढंच तिनं सांगितलं. त्यावर कोपऱ्यात बसून विडा चघळणारे एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, “चल गो चेडवा.”

‘चल गं पोरी’ असं मालवणीत म्हणणारे ते सहदेवकाका. त्यांनी तिला बोरिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर नेलं. गच्चीच्या वर मशीनरूम, आणि तिथं चढायला भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी. “ओढणी बॅगेत टाक. मशीन माणूस बघत नाही, कापड बघतं.” वर गेल्यावर तिला वाटलं, आता नट कसायचे पाने हातात देतील. काकांनी तिला उलट्या डब्यावर बसवलं.

“डोळे मीट.”

“आणि?”

“ऐक.”

अर्धा तास ती नुसती ऐकत बसली. खाली कुणी बटण दाबलं की मशीन जागं व्हायचं, दोरावर ताण यायचा, थांबताना ब्रेक धरायचा. “ठक् आलं की बरं,” काका सांगत. “ठ-क आलं तर उठायचं. लिफ्ट आजारी पडायच्या आधी कण्हते. डॉक्टर नाडी बघतो ना, तशी आपण ती ऐकायची.”

काकांचा कान म्हणजे सबंध कंपनीत बोलायची गोष्ट होती. तळमजल्यावर दाराला कान लावून कितव्या मजल्याच्या दाराचा रोलर घासतोय ते सांगायचे. चेतना पुढं सुपरवायझर झाली, त्यांची वरिष्ठ झाली, तरी काका आले की खुर्चीतून उठायची. त्यांची कार्डं यायची तेव्हा वाचायचीसुद्धा नाही. सहदेवकाकांचं कार्ड काय वाचायचं? खाली पेन टेकवायचं आणि पुढं जायचं.

हे असंच चालत राहिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी तिनं घाटकोपरच्या एका कॉलेजात मॅनेजमेंटच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला नाव घातलं. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्ग. कुणी बँकेतलं, कुणी हॉस्पिटलातलं, कुणी पवईच्या चकाचक ऑफिसातलं. सगळ्यांना एकच घाई, पदवी पदरात पाडून पुढची खुर्ची गाठायची. तिथं तिला जयंती मॅडम भेटल्या.

मॅडम अठ्ठावन्नच्या. औषधांच्या कारखान्यात वीस वर्षं गुणवत्ता विभाग सांभाळून शिकवायला आलेल्या. सुती साडी, पायात स्पोर्ट्‌स शूज, आवाज शेवटच्या बाकापर्यंत सहज जाणारा. पहिल्याच तासाला त्यांना यायला सात मिनिटं उशीर झाला. आल्या, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘७’ लिहिलं आणि म्हणाल्या, “ही तुमची सात मिनिटं माझ्याकडे आहेत. मधल्या सुट्टीत मी चहाला जाणार नाही, तेव्हा परत घ्या.” आणि खरंच, सुट्टीत त्या वर्गातच बसून राहिल्या. ज्याला काही विचारायचं त्यानं विचारावं. पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही. सगळे वडापाव खायला पळाले. मॅडम सात मिनिटं रिकाम्या बाकांसमोर बसल्या, मग आकडा पुसला. चेतना पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली होती, तिनं दारातून ते पाहिलं. त्यानंतर उशिरा येणारा प्रत्येक जण स्वतःच कोपऱ्यात आपली मिनिटं लिहू लागला. असं करा म्हणून मॅडम कधीच बोलल्या नव्हत्या.

परवाच्या शनिवारसाठी मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, “अलीकडे कामावर ज्या कागदावर सही केलीत, त्याची एक प्रत आणा. नावं झाका हवी तर.” वर्गात आल्यावर म्हणाल्या, “आता उभं राहायचं आणि त्या सहीचं वाक्य करून मोठ्यानं म्हणायचं. ‘मी असं सांगतो की’ इथून सुरुवात. सही म्हणजे तुम्ही न बोलता म्हटलेलं वाक्य. आज बोलून बघू.”

पहिला उठला मिहिर. मालाडच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात होता. खिशातला कागद झटकून नाटकी सुरात म्हणाला, “मी असं सांगतो की, नोकरी सोडून चाललेल्या दिशाशी मी पंचेचाळीस मिनिटं मनमोकळी चर्चा केली.”

“कशी आहे दिशा?” मॅडमनी विचारलं.

“अं?”

“का सोडतेय नोकरी?”

मिहिरनं कागद उलटा करून पाहिला. “मॅडम, खरं सांगू? ती उंच की बुटकी, तेही मला माहीत नाही.”

वर्ग खो-खो हसला. मिहिरही हसला. मग हसू ओसरलं आणि तो उभाच राहिला, कारण मॅडम हसल्या नव्हत्या आणि रागावल्याही नव्हत्या. नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या, आपल्या घरातलं कुणी जिन्यावर घसरलं की आपण बघतो तसं. “बस, बाळा,” म्हणाल्या. “पुढं कोण?”

पुढं चेतना. तिच्या हातात शारदा छायाचं मे महिन्याचं कार्ड होतं.

“मी असं सांगते की, मे महिन्यात मुलुंडच्या या इमारतीच्या लिफ्टची तपासणी झाली. मशीनरूम पाहिली. ब्रेक पाहिला. दोर पाहिले. आणि हे सगळं झाल्याची मी…”

खात्री केली, असा छापील शब्द होता. तो तोंडातून निघेना. तिला आई आठवली. शांताबाई वयाच्या चाळिसाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात जाऊन सही करायला शिकल्या होत्या. बँकेत अंगठा उठवल्यावर शाई पुसायला कारकुनानं कापडाचा बोळा लांबून फेकला, त्या दिवशी ठरवून. अजूनही कुणी कागद पुढं केला की आई विचारायची, “आधी वाच. यात मी काय म्हणतेय?” अख्खं कुटुंब तिला हसायचं. अगं, गॅसची पावती आहे ती! तरी वाचून दाखवल्याशिवाय आईचा हात हलायचा नाही. आणि डिप्लोमा घेतलेल्या, मॅनेजमेंट शिकणाऱ्या लेकीनं मात्र दर महिन्याला साठ-साठ कार्डांवर, आपण काय म्हणतोय हे न विचारता सह्या केल्या होत्या.

“खात्री केली नाही, मॅडम,” ती म्हणाली. “ज्यांनी केली त्यांच्यावर विश्वास आहे.”

“मग ते वाक्य लिहायला कार्डावर जागा आहे का?”

“नाही.”

मॅडम टेबलाच्या कडेवर टेकल्या. “माझी गोष्ट सांगते. कारखान्यात थंड खोलीचं तापमान दर चार तासांनी बघून सही करायची असायची. एकदा मी न बघता केली. सर्दी झाली होती, कोण जाणार म्हटलं. काय झालं असेल?”

“औषध खराब झालं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“काहीच झालं नाही. तापमान बरोबरच होतं. काहीच झालं नाही म्हणून पुढच्या वेळी परत न बघता केली. अशी सहा वर्षं. अजूनही काही झालं नाही. कुणी पकडलं नाही, कुणी आजारी पडलं नाही. पण एक दिवस मुलीनं विचारलं, आई, तू कामावर काय करतेस? आणि मला खरं उत्तर देता येईना.” त्या कडेवरून उठल्या. “म्हणून मी तुम्हाला छळते. चला, पुढं कोण?”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वर्ग अकराला होता. चेतना सकाळी साडेआठला मुलुंडला शारदा छायाच्या फाटकात उभी होती. वॉचमन अंबादास तिला ओळखत नव्हता, पण सहदेवकाकांचं नाव काढताच खुलला.

“राऊळसाहेब? येतात ना दर महिन्याला. इथंच बसतात माझ्या खुर्चीत. चहा घेतात, लिफ्टला कान लावतात, दोन-चार फेऱ्या मारतात. मग सेक्रेटरीसाहेबांच्या सह्या घेऊन जातात.”

“सह्या? एक की अनेक?”

“पुढच्या तीन महिन्यांच्या एकदम. साहेबांनाच कटकट नको असते.”

“आणि वर? मशीनरूममध्ये?”

अंबादासनं तिच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. “ताई, त्यांचा गुडघा बघितलाय ना तुम्ही? ती शिडी त्यांना चढवेल का?”

चेतनानं तो गुडघा रोज पाहिला होता. काका जिना उतरताना बाजूला वळून उतरायचे, बसताना पाय लांब ठेवायचे. तिनं पाहिला होता, जसं घड्याळ पाहतो. विचारलं कधी नव्हतं.

गच्चीवरच्या दाराचं कुलूप गंजून धरलेलं. अंबादासनं खोबरेल तेल आणून घातलं, तेव्हा सुटलं. आत पाऊल टाकताच पंखांची फडफड झाली. फुटक्या खिडकीतून कबुतरं येत-जात होती. विजेच्या पेटीमागं, काड्या आणि तारेच्या तुकड्यांचं घरटं, त्यात दोन पिल्लं चोच वासून बसलेली. कोण आलं म्हणून पाहत होती. त्यांच्या जन्मापासून इथं माणूस फिरकलं नव्हतं. त्यांच्या आधीच्याही दोन-चार पिढ्यांनी पाहिलं नसावं.

तिनं डोळे मिटले आणि ऐकलं. ठक्. अगदी स्वच्छ. काका खाली दाराला कान लावून हेच ऐकत असणार. मग तिनं मशीन बंद करवलं, टॉर्च धरली आणि ब्रेकच्या लायनरला, चाक घासून धरणाऱ्या पट्टीला, बोट लावलं. झिजून झिजून कागद उरला होता. अजून आवाज नव्हता. आवाज यायच्या आधी जे दिसतं, ते दिसायला वर यावं लागतं.

तिनं काकांना तीन फोन केले. मग लिफ्ट बंद केली, पाटी लावली आणि दुरुस्तीच्या गँगला बोलावलं. लायनर संध्याकाळपर्यंत बदलला गेला. पेटीमागचं घरटं तेवढं तिनं हलवू दिलं नाही, फक्त पुढ्यात जाळी मारून घेतली. “पिल्लं उडाली की काढू.”

गँगला काम समजावून ती वर्गात पोचली, तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात तिनं ‘४०’ लिहिलं. सुट्टीत मॅडमच्या समोर बसून सगळं सांगितलं.

“वर कळवलं तर काकांची नोकरी जाईल, मॅडम. रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. मला त्यांनी शिकवलंय. आणि सही केली तर…” ती बाकावर पुढं सरकली. “तुम्हीच सांगा काय करू.”

मॅडमनी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. थालीपीठ होतं. “मी सांगितलं तर ती माझी सही होईल. तुझी नाही.” मग म्हणाल्या, “एक मात्र विचारते. सहीचं काय करायचं हे तू मला विचारलंस. गुडघ्याचं काय करायचं, हे त्यांना कुणी विचारलं का?”

चेतनानं थालीपीठाचा तुकडा परत डब्यात ठेवला.

आणि आता सोमवार, आणि टेबलावर गुलाबी कार्ड.

“माझ्यावर विश्वास नाही म्हण ना सरळ,” सहदेवकाका म्हणाले. “शिकली म्हणजे मोठी झाली. त्या कॉलेजात काय शिकवतात? ज्यानं हात धरून चढवलं त्याला ढकलायचं कसं, ते?”

“काका!”

“अठ्ठावीस तारखेला मी ऐकून आलोय ती लिफ्ट. काय सांगतंस तू माका? आवाज होता?”

“नव्हता.”

“मग!”

“मीही ऐकला, डोळे मिटून. एकदम ठक्. तुमच्या कानाची काही चूक नाही, काका.” तिनं हात पुढं केला आणि करंगळीच्या नखाची कड दाखवली. “लायनर एवढा उरला होता.”

सहदेवकाका त्या नखाकडे बघत राहिले. मग, मघापासून जे करायला तयार नव्हते ते केलं. खुर्ची ओढून बसले. पाय लांब करून.

“एवढाच?” त्यांनी हळूच विचारलं.

“एवढाच.”

“काही झालं नाही पण.”

“नाही झालं.”

बाहेर नंदकिशोर सरांच्या केबिनचा दरवाजा वाजला. चेतनानं पेन उचललं. तिसऱ्या रेघेवर सही केली नाही. रेघेच्या वर, शेऱ्याच्या मोकळ्या जागेत लिहू लागली, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणू लागली.

“मी असं सांगते की, या इमारतीची मशीनरूम अनेक महिने कुणी पाहिलेली नाही. जानेवारी ते मे या पाच कार्डांवर मी स्वतः न बघता सही केली. ही चूक माझी, सुपरवायझर म्हणून. अठ्ठावीस जूनची तपासणी फक्त खालून झाली. काल मी वर गेले, लायनर बदलून घेतला.” तिनं पेन खाली ठेवलं. “इथपर्यंत माझं वाक्य झालं. पुढचं तुमचं आहे, काका. तुमच्या वतीनं मी लिहिणार नाही.”

“एरिया जाईल तुझा.”

“जाईल कदाचित.”

“चेडवा, येडी आहेस तू.”

“तुम्हीच शिडीवर चढवलंत.”

काकांच्या ओठाचा कोपरा जरा हलला, पण हसू आलं नाही. त्यांनी खांद्यावरची खाकी पिशवी मांडीवर घेतली. पान्यांच्या खालून, प्लास्टिकच्या कव्हरात नीट घडी घालून ठेवलेला एक जाडसर गठ्ठा काढला. गुलाबी कार्डं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरची, आगाऊ सह्या घेतलेली. मुलुंडच्या, भांडुपच्या, घाटकोपरच्या, शिडी असलेल्या सगळ्या जुन्या इमारती. प्रत्येक कार्डावर सेक्रेटरीची सही होती आणि तपासणीची जागा कोरी. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. उलटा, सह्या खाली करून. मग काठ बोटांनी सारखे केले, जसे कामाचे पाने पुसून ठेवायचे तसे.

चेतनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

“मी चढीन, काका. सगळ्या शिड्या. तुम्ही खाली उभे राहा, फोन चालू ठेवा. मी बघून सांगते, तुम्ही ऐकून सांगा. कार्डावर दोघांचं दोन ओळीत लिहू. नंदकिशोर सरांना मी विचारते. नाही म्हणाले तर परत विचारते.”

सहदेवकाका टेबलाला धरून उठले. पिशवी खांद्याला लावली. आज ती हलकी झाली होती तरी खांदा सवयीनं वाकला.

“आणि काका,” ती म्हणाली. आता ती सुपरवायझर नव्हती, बोरिवलीच्या गच्चीवर उलट्या डब्यावर बसलेली मुलगी होती. “गुडघा कधीपासून दुखतोय? दाखवलात का कुणाला?”

दारापाशी ते थांबले. पाठ तिच्याकडेच होती. एक हात चौकटीवर होता, आणि तिला दिसलं की तो हात चौकटीवर हलकेच, अगदी हलकेच ठोकतोय. ठ-क. मग हात खाली आला. सहदेवकाका बाहेर पडले.